संत्र्याच्या खोक्यातलं दगडाचं अंडं

मी एक जुनं अंडं आहे. थांबा, मित्रांनो, नाकाला रुमाल लावू नका! जुन्या अंड्याची जी ख्याती असते ती मला लागू नाही, कारण मी दगडाचं आहे. माझ्यातून कधी पिल्लू निघालं नाही आणि मला कुणी तव्यावर फोडलंही नाही. तरीही नागपूरच्या जुन्या मंगळवारीतल्या त्या घरात माझ्याइतकं काम एकाही खऱ्या अंड्यानं केलेलं नाही. ही बढाई आहे का? थोडी आहे. पण आधी ऐकून तर घ्या.

माझा जन्म जबलपूरजवळच्या भेडाघाटचा. नर्मदेच्या काठी पांढऱ्या मऊ दगडाचे कारागीर बसतात. महादेवाच्या पिंडी, कुंकवाच्या डब्या, छोटे छोटे नंदी असं काय काय ते घडवतात. माझ्या कारागिराकडे एका पिंडीतून उरलेला तुकडा होता. फेकायला त्याचा जीव होईना. त्यानं तो फिरत्या चाकावर धरला, घासला, आणि मी तयार झालो. माझं काय करायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण मी इतका गुळगुळीत झालो होतो, की त्यानं मला दोनदा गालाला लावून पाहिलं.

कार्तिकी पौर्णिमेच्या स्नानाला नागपूरहून सत्यवतीबाई आल्या होत्या. मोठं कुंकू, करारी नाक आणि नर्मदेवर जीवापाड श्रद्धा. "नर्मदा के कंकर, सब शंकर" असं म्हणत त्यांनी मला उचललं ते थेट पदराच्या गाठीत बांधलं. घरी आल्यावर त्यांचे यजमान रुपराव मला पाहून खो खो हसले. "अवं, अंडं? नागपुरात अंडी भेटत नाहीत म्हणून जबलपुरावरून आणलं का?" सत्यवतीबाईंनी पदराची गाठ सोडली. मला कोनाड्यात ठेवलं आणि त्या भाजी निवडायला बसल्या. त्या कोनाड्यात मी काही वर्षं काढली. रेशनच्या कागदांवर वजन म्हणून बसायचं आणि धूळ खायची, एवढंच माझं काम.

माझं खरं आयुष्य सुरू झालं ते गोपिका सून म्हणून आली तेव्हा.

गोपिका नरखेडकडच्या गावची. माहेरी संत्र्याची बाग, विहिरीवर पंप आणि अंगणात कोंबड्या. तिचा नवरा देवराव एसटीत कंडक्टर होता. निम्मा आठवडा तो कुठल्या तरी गावी मुक्कामी असायचा. घरात सासू, सासरे आणि नवी सून. स्वयंपाकघर सासूचं, देवघर सासूचं, अंगणातली तुळससुद्धा सासूचीच. आपलं म्हणावं असं गोपिकेकडे काहीच नव्हतं. म्हणून तिनं भीत भीत एक गोष्ट मागितली. सरकारी केंद्रात पांढऱ्या कोंबड्यांची पिल्लं मिळतात, चार आणू का? रुपराव संत्रा मार्केटात खोकी ठोकायचं काम करत. दिवसभर खिळे आणि हातोडी, त्यामुळे आवाजही तसाच ठोकल्यासारखा. ते म्हणाले, "आण. पण एक सांगून ठेवतो वं. बसून खाणारं या घरात कोणी नाही. कोंबडी असो का माणूस."

ऐन थंडीत, पौषात, ती पिल्लं आली. गोपिकेनं ती टोपल्याखाली बल्ब लावून वाढवली. टिकली, रुई, बगळी आणि चौथी. चौथीचं नाव मी घेत नाही, ती अतिशय भांडकुदळ होती. ज्येष्ठ लागला आणि टिकलीनं पहिलं अंडं दिलं, ते सरपणाच्या ढिगात! दुसरं मोरीपाशी. गोपिका कपाळाला हात लावून बसली. मग तिचं लक्ष कोनाड्याकडे गेलं.

"आत्याबाई, हे घेऊ?"

"नर्मदेचा दगड अन् कोंबडीखाली?" सत्यवतीबाईंचे डोळे मोठे झाले. "काहून वं, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"कोंबडी पाहून पाहून अंडं देते, आत्याबाई. एक अंडं दिसलं का तिले वाटते, हीच जागा आपली. आमच्याकडे एक अंडं नेहमी खुराड्यात ठेवतात. इथं तर सारेच खाऊन टाकतात."

सासूबाईंनी तोंड वाकडं करून मान हलवली. रुपरावांनी मार्केटातून संत्र्याचं एक मोडकं खोकं आणलं होतं. गोपिकेनं त्यात तणस अंथरलं आणि मधोमध मला ठेवलं. मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! कोनाड्यातला थंड दगड मी, आणि माझ्यावर येऊन बसली टिकली. तिच्या पोटाची ऊब माझ्या आतपर्यंत गेली. थोड्या वेळानं शेजारी काहीतरी टपकन पडलं. खरं अंडं! मग काय, टिकलीमागून रुई, रुईमागून बगळी, आणि त्यांना चोची मारत चौथी. साऱ्या आळीनं त्या खोक्याचं कौतुक केलं. समोरच्या सिंधूताई वाटी घेऊन यायच्या. सत्यवतीबाई आल्यागेल्याला मला दाखवायच्या आणि सांगायच्या, "नर्मदामायची किरपा." गोपिका नुसतीच हसायची. खरं सांगतो, ते दोन महिने मला वाटत होतं की घर मीच चालवतो.

पण दिवस सारखे राहत नाहीत. श्रावण लागला आणि अंगणात पांढरी पिसं उडू लागली. आधी मला वाटलं, चौथीनं पुन्हा कुणाला तरी सोलून काढलं. पण नाही. पिसं चौथीचीही पडत होती. टिकलीची मान उघडी पडली. रुईचं शेपूट गेलं. बगळी तर अशी दिसू लागली की तिच्याकडे पाहवेना. माझ्या शेजारी पडणारी अंडी कमी कमी होत गेली, आणि एक दिवस मी खोक्यात एकटाच उरलो. ऊब गेली. मला फार एकटं वाटलं, हे कबूल करायला मला लाज नाही.

घरात कुजबुज सुरू झाली. रोग म्हणावा तर कोंबड्या झिंगत नव्हत्या, मान टाकत नव्हत्या. म्हातारपण म्हणावं तर त्यांना अजून वर्षही झालं नव्हतं. मग दुखणं काय? सिंधूताईंनी शोध लावला. वाटी रिकामी परत न्यावी लागली होती, त्याचा राग असेल बहुतेक. त्या अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "बाप्पा! सत्यवतीबाई, दगड पोटाखाली घेऊन बसल्या, तर कोंबड्याच दगड झाल्या वं. पीडा आहे त्या अंड्यात."

सत्यवतीबाईंचा चेहरा पडला. त्या नर्मदेचं नाव घेऊन मला मिरवत होत्या ना! आता त्या खोक्याकडे बघेनाशा झाल्या. आणि रुपरावांनी जेवता जेवता निकाल देऊन टाकला. "श्रावण आहे म्हणून थांबलो. पोळ्याच्या करीले पाहून घेऊ चारींले."

विदर्भातली माणसं हे लगेच समजतील. श्रावणभर घरात मांस शिजत नाही. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी घरोघरी रस्सा. म्हणजे टिकली, रुई, बगळी आणि ती भांडखोर, चौघींचा मुहूर्त ठरला होता. गोपिकेच्या हातातला घास ताटातच राहिला. या घरात तिचं म्हणावं असं जे काही होतं, ते पातेल्यात जाणार होतं.

पण गोपिका रडत बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशीपासून तिनं कोंबड्यांच्या दाण्यात जवसाच्या ढेपेचा, म्हणजे पेंडीचा, चुरा घातला, बाजारातून थोडा सुकटीचा भुगा आणला. आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी टिकलीला काखेत धरून ती सासऱ्यांसमोर उभी राहिली. फुंकर मारून तिनं टिकलीच्या मानेवरची उरलीसुरली पिसं बाजूला केली.

"मामाजी, हे पाहा. कातडीतून बारीक कोंब निघून राहिले. नवीन पीस आहे हे. बीमार कोंबडीले नवीन पीस फुटते का?"

रुपराव वाकले. बोट लावून पाहिलं. "अवं, पिसं तर म्हाताऱ्या कोंबड्या टाकतात. ह्याइले तर साल नाही झालं."

"थंडीतली पिल्लं आहेत ना. लवकर अंड्यावर आल्या, म्हणून लवकर पिसं टाकून राहिल्या. दिवस लहान होऊन राहिला आता. जे खातात ते सारं पिसात जाते, मंग अंड्याले काय उरते? एकाच पिठाच्या भाकरी तरी होतीन, नाहीतर पुऱ्या तरी."

बोलणं बिनतोड होतं. मी खोक्यात बसून मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पण रुपराव हटले नाहीत. "म्हणजे पिसं फुटेपर्यंत बसून खातीन? अन् सिंधूताई म्हणते तशी पीडा असन तर?"

गोपिकेनं टिकलीला खाली सोडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आवडली नाही, मित्रांनो. बाजारात वस्तू विकायला काढताना माणूस तिच्याकडे जसं पाहतो, तशी ती होती.

"पीडा असन तर ती अंड्यात आहे, असंच म्हणतात ना सिंधूताई?" ती म्हणाली. "मंग करीले सारी पीडा घराबाहेर टाकतात, तसं अंडंही मारबतीले देऊन टाका. कोंबड्या काहून खाता? अन् मामाजी, पीडा लागलेली कोंबडी खाल्ली, तर ती पीडा कोणाच्या पोटात जाईन?"

रुपरावांचा हात आपोआप पोटावर गेला. मग ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत. दसऱ्यापर्यंत अंडं नाही दिसलं, तर मंग माह्यासमोर कोंब-फिंब दाखवू नको."

करीच्या सकाळी आळीत एकच गलका होता. दारात लावलेल्या पळसाच्या फांद्या, फाटकी सुपं, झिजलेले झाडू असं सगळं लोक बाहेर काढत होते. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! रोगराई, माशा-मुरकुटं घेऊन जा गे मारबत!" गोपिकेनं मला कोंबड्यांच्या गळलेल्या पिसांत गुंडाळून एका फाटक्या सुपात ठेवलं. माझ्यावरून अंगठा फिरवत ती हळूच म्हणाली, "जा बापा. तुझ्या जाण्यानं चार जीव वाचतात." सत्यवतीबाई दारात पाठ करून उभ्या होत्या. त्यांना माझ्याकडे पाहायचं नव्हतं. आळीच्या टोकाला, नाल्याकाठी, फांद्यांच्या ढिगात कुणीतरी सूप जोरात उलटं केलं. मी एका विटेवर आपटलो आणि माझ्या टोकाचा एक टवका उडाला.

मला दुःख झालं. रागही आला. जबलपूरहून पदरात बांधून आणलेला मी, आणि कचऱ्यात! पण चिखलात रुतून पडलेलं असताना विचार करायला भरपूर वेळ मिळतो. मी स्वतःला सांगितलं, अरे, चार कोंबड्यांच्या जिवाच्या बदल्यात एक दगड जात असेल तर तो सौदा दगडाला शोभतोच. आणि मग मला बरं वाटलं. मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती, ती त्या घरात कुणाच्याही आली नव्हती. मारबतीला दिलेली वस्तू घरी परत आणत नाहीत. मग पिसं फुटल्यावर कोंबड्यांना जागा कोण दाखवणार?

तेच झालं. हे मला नंतर कळलं. भादवा संपता संपता चौघी पांढऱ्याशुभ्र झाल्या. तुरे लालभडक झाले, चाल ऐटबाज झाली. पण खोकं रिकामंच. रोज सकाळी गोपिका तणस चाचपून पाहायची आणि हात झटकून उठायची. तिनं त्या खोक्यात माझ्या जागी कांदा ठेवून पाहिला, तो चौथीनं फोडून खाल्ला. दसरा जवळ येत होता. तिनं सासऱ्यांना दाखवलेले कोंब खरे ठरले होते, आणि तरीही ती हरणार होती.

घटस्थापनेच्या सकाळी सत्यवतीबाई काळी माती आणायला टोपली घेऊन निघाल्या. नाल्यापलीकडच्या वावरातली माती त्या दरवर्षी आणत. परत येताना त्यांचा पाय माझ्याशेजारी पडला. चिखलातून माझं पांढरं टोक वर आलं होतं. त्या थबकल्या. इकडेतिकडे पाहिलं. मग खाली बसल्या आणि मला पदरानं पुसता पुसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"नर्मदामायचा दगड, अन् म्या मारबतीले देला," त्या म्हणाल्या. "कोणाच्या सांगण्यावरून? त्या सिंधूच्या!"

पण घरी न्यायचं कसं? मारबतीची वस्तू घरात आणली तर पीडा आणली. टाकून जायचं कसं? नर्मदेचा दगड टाकला तर पाप. त्या तिथंच बसून विचार करत राहिल्या. शेवटी त्यांनी मला टोपलीतल्या मातीच्या पोटात खुपसलं. घरी गेल्यावर ती माती परडीत गेली, मातीत गहू पेरले गेले, परडीत घट बसला, आणि घटाखाली बसलो मी. पीडा असेल तर नऊ दिवसांत देवी ती धुऊन काढेल, हा त्यांचा हिशोब. मला तो एकदम पटला. गव्हाची पांढरी मुळं माझ्या अंगाभोवती वाढली. वर रोज आरती, खाली मी. इतका मान मला कोनाड्यातही मिळाला नव्हता. घरात कुणाला म्हणून पत्ता नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी घट हलला. सत्यवतीबाईंनी मला मुळांतून सोडवलं, धुतलं, आणि कुणी नाही असं पाहून संत्र्याच्या खोक्यात ठेवलं. टवका उडालेलं टोक तणसात खाली.

तेवढ्यात रुपराव आले. दसऱ्याला हत्यारं पुजायची, म्हणून सपरीत, म्हणजे पडवीत, ठेवलेली जुनी हातोडी, विळा आणि सुरी काढायला ते निघाले होते. सुरी उद्या कशाला लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. गोपिका ओट्यावर रांगोळी काढत होती, तिचा हात थांबला. पण ती उठली नाही. सासऱ्यांनी घातलेली मुदत ती मोडणार नव्हती.

टिकली सपरीकडेच निघाली होती. पण आत रुपराव सामान सरकवत खडखडाट करत होते. टिकली बिचकली. एक पाय वर धरून उभी राहिली. मान वळवली आणि तिला मी दिसलो. मित्रांनो, तिनं मला ओळखलं! कुणी काही म्हणो, ओळखलंच. ती टुणकन खोक्यात आली, तणस चोचीनं इकडचं तिकडे केलं आणि माझ्यावर बसली. नव्या दाट पिसांची ती ऊब अजून माझ्या आठवणीत आहे.

आणि सपरीतून रुपरावांची आरोळी आली.

"गोपिका! अवं गोपिका! इकडं ये! हे पाय, नंदीनं अंडी देली!"

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, सजवायचा देवरावच्या लहानपणीचा लाकडी नंदी सपरीच्या कोपऱ्यात गोणपाटानं झाकून ठेवलेला होता. जुनी हातोडी काढायला रुपरावांनी तो सरकवला, तर त्याच्या पोटाखाली, चार लाकडी पायांच्या मध्ये, अंडीच अंडी. जागा दाखवायला मी नव्हतो, म्हणून चौघींनी नंदीबाबाचा आसरा धरला होता. रुपराव गुडघ्यांवर बसून हसत होते. हसता हसता त्यांनी सुरी पुन्हा फळीवर ठेवली. "जितल्यात वं तुह्या कोंबड्या," ते म्हणाले. "अन् तूही जितली."

तेवढ्यात टिकलीचं कलकलणं ऐकून गोपिका धावत खोक्याकडे आली. टिकली उठून बाजूला झाली होती. तणसात एक ताजं, गरम अंडं होतं आणि त्याच्या शेजारी मी. गोपिकेनं मला उचललं, उलटं केलं आणि टवक्यावर तिचं बोट थांबलं. तिनं सासूकडे पाहिलं.

सत्यवतीबाई तोरणाला आंब्याची पानं लावण्यात फार गुंतल्या होत्या. न वळताच म्हणाल्या, "ते दुसरं आहे."

"हो, आत्याबाई," गोपिका म्हणाली. "दुसरंच दिसते."

आणि तिनं मला टवका खाली करून जागेवर ठेवलं. त्या दिवसापासून सासूबाई स्वतः कोंबड्यांना ढेपेचा चुरा घालू लागल्या. पुढच्या वर्षी पिसं उडाली तेव्हा सिंधूताई पुन्हा काही बोलायला आल्या, तर सत्यवतीबाईंनीच त्यांना टिकलीची मान उघडून दाखवली.

ही गोष्ट होऊन वर्षं झाली. टिकली, रुई गेल्या. खोकं मोडलं. आता मी पुन्हा कोनाड्यात आहे. गेल्या पावसाळ्यात सत्यवतीबाई आजारानं अंथरुणाला खिळल्या. हातून काही होईना, त्याचं त्यांना फार लागायचं. "बसून खाऊन राहिली मी," असं त्या सारखं म्हणायच्या. एका दुपारी गोपिका त्यांना पेज भरवत होती. सासूबाईंनी मला मागून घेतलं, टवक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "गोपिका, हे तेच वं."

"मले माहीत आहे, आत्याबाई. पयल्याच दिवसापासून," गोपिका म्हणाली आणि तिनं पुढचा चमचा भरला. "खा तुमी. नवीन पिसं फुटून राहिली तुमाले."

म्हणून, मित्रांनो, एवढं करा. तुमच्या घरात कुणी थांबलं, कुणाचं देणं आटलं, तर सुरी काढण्याआधी त्याची पिसं बाजूला करून पाहा आणि त्याला पोटभर खाऊ घाला. आणि कोनाड्यात माझ्यासारखं एखादं टवका उडालेलं अंडं असेल तर ते टाकू नका. परत येणाऱ्यांना जागा सापडावी म्हणून कुणीतरी जागेवर बसून राहावं लागतं.